न लिहिलेलं वाक्य

राज्यसेवेची पूर्वपरीक्षा देणाऱ्या विदर्भातल्या बोरगाव मेघेतल्या मुलामुलींसाठी सीसॅट हा आता नुसता पात्रतेचा पेपर. ८० प्रश्न, २०० गुण, ३३ टक्के पडले की झालं. त्यात ‘विधान आणि गृहीतक’ आलं की अनेक जण जो पर्याय खरा वाटतो त्याचा गोल काळा करतात. चूक तिथेच होते.

समजा, विधान असं आहे: ‘यंदा तालुक्यात कपाशीचा पेरा वाढला, म्हणून शेतकऱ्यांच्या हाती जास्त पैसा येईल.’ एक पर्याय म्हणतो, कापूस हे विदर्भाचं प्रमुख पीक आहे. दुसरा म्हणतो, पेरा वाढला तरी भाव फारसा पडणार नाही. पहिला खराच आहे. पण तो घटकाभर खोटा धरा, विधानाला धक्का लागत नाही. दुसरा उलटा करा. भाव कोसळला, तर ते ‘म्हणून’ कशावर उभं राहणार? गृहीतक ओळखायचं ते असं, नकार देऊन.

आता शेतातलं विधान घ्या. कपाशीचं दोन जनुकांचं बीटी बियाणं २००६ साली आलं. या पराटीवर बोंडअळी मरते, म्हणून फवारणीचा खर्च वाचेल, असं सांगितलं गेलं. सुरुवातीला तसं घडलंही. पण त्यात एक वाक्य कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं: अळी आज आहे तशीच उद्याही राहील. ती तशी राहावी म्हणूनच ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जाई. ते कडेच्या तासांना लावायचं. तिथे वाढलेल्या पतंगांची बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जोडी जमली, तर पुढची पिढी बीटीला बळी पडत राहील, असा त्यामागचा हिशेब. दोन-चार एकरांच्या धन्याने काही तासं अळीला सोडून द्यायची तरी कशी? बहुतेक शेतांत ते बियाणं पेरलंच गेलं नाही. त्यात वेचणीनंतरही पीक उभं ठेवून फरदड घेतल्याने गुलाबी बोंडअळीला हंगामानंतरही खाणं मिळत राहिलं. २०१७ मध्ये विदर्भात शेतोशेती अळी लागून न उमललेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसल्या. बोंड फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याचं सगळं वर्ष त्या गृहीतकावर टांगलेलं होतं, त्याच्या बांधावर बसून ते समजावणारे फार थोडे होते.

सीसॅट देणाऱ्या या मुलांतलं कुणी उद्या तहसीलदार होईल, कुणी कृषी अधिकारी. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या प्रस्तावाखाली चार पर्याय छापलेले नसतील. तेव्हा आज सरावाला बसताना पर्यायांवर हात ठेवा, आणि विधानातलं ते न लिहिलेलं वाक्य आधी स्वतः वहीत लिहा.