वाटेत थांबणारे

धावणे ही मनुष्याची फार जुनी सवय आहे. निष्कारण धावणे ही मात्र बरीच अलीकडची म्हणावी लागेल. आपले पूर्वज शिकारीमागे धावले, शत्रूपुढे धावले, खलिता घेऊन धावले. कोठे पोहोचायचे नसताना आणि पाठीशी कोणी लागलेले नसताना केवळ धावण्यासाठी डोंगर चढणारा मनुष्य त्यांना भेटता, तर त्यांनी त्याला बसवून पाणी दिले असते आणि घरच्यांना निरोप धाडला असता. आज असे लोक हजारोंनी आहेत, आणि त्यांना वेडे ठरवून मोकळे होण्याची आमची तयारी नाही. कारण त्यांच्या धावण्यातून एक असा प्रश्न उभा राहतो, की जो खुर्चीवर बसून चाकरी करणाऱ्या आम्हा लोकांनाही चुकवता येत नाही.

नोकरीनिमित्त आम्ही ज्या आनेकलात राहतो, तेथेही ही मंडळी दिसतात. याच तालुक्यात इलेक्ट्रॉनिक सिटी वसली, आणि तेथील तरुण सुटीच्या दिवशी पहाटे बन्नेरघट्ट्याच्या अरण्याकडेच्या रस्त्यांनी किंवा मुत्यालमडुवूच्या दरीकडे जाणाऱ्या वाटेने धावू लागले. त्यांची महत्त्वाकांक्षा मात्र आनेकलाच्या टेकड्यांवर थांबत नाही. कोणाला साताऱ्याचा घाट खुणावतो, कोणाला लडाखमधील खारदुंग खिंड, तर कोणाला थेट आल्प्स.

आल्प्समधील सर्वांत नावाजलेली शर्यत माँ ब्लाँ या पर्वताभोवतीची. २००३ साली ती सुरू झाली. फ्रान्समधील शामोनी गावातून निघायचे, इटली आणि स्वित्झर्लंड यांतून पर्वताला प्रदक्षिणा घालायची आणि पुन्हा शामोनीस यायचे. अंतर सुमारे १७० किलोमीटर, एकूण चढ सुमारे १०,००० मीटर आणि मुदत साडेसेहेचाळीस तासांची. पाठीवर पावसाळी अंगरखा, दिवे, शिटी, ऊब टिकवणारे पांघरूण असा सरंजाम नियमानेच बाळगावा लागतो. या नियमावलीत आणखी एक कलम आहे. वाटेत कोणी संकटात दिसला, तर त्याला साहाय्य करणे आणि मदतपथकास कळवणे प्रत्येक स्पर्धकावर बंधनकारक आहे.

आमचा प्रश्न या कलमापाशी सुरू होतो. पडलेल्या माणसासाठी थांबणे ही गोष्ट नियम करून का सांगावी लागते?

धावणाऱ्याचे हृदय कठोर असते म्हणून, हे उत्तर सोपे आहे. पण ते खरे नाही. प्रिन्स्टन येथे डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषणासाठी जाण्यास सांगितले, आणि वाटेत खोकत, कण्हत बसलेला एक मनुष्य ठेवला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के त्याच्या मदतीस थांबले. ज्यांना फार उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांच्यापैकी १० टक्केच. काहींचे भाषण तर वाटेत पडलेल्यास मदत करणाऱ्या बायबलमधील दयाळू प्रवाशावरच होते. त्यानेही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तात्पर्य, मनुष्याला निर्दय करण्यास दुष्टपणाची गरज नसते, घड्याळ पुरते.

परंतु काही घाई धर्म्यही असते, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पेशवाईतील जासूद डोंगर आणि नद्या ओलांडून पत्रे पोहोचवीत. वाटेत भेटलेल्या प्रत्येक दुःखितापाशी ते रेंगाळते, तर राज्य बुडाले असते. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून भर पावसात विशाळगडाकडे निघाले, तेव्हा पोहोचणे हेच सर्वांचे कर्तव्य होते. तरीही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की मराठी इतिहासातील ही सर्वांत प्रसिद्ध डोंगरवाट आम्ही पोहोचण्यासाठी जितकी आठवतो, त्याहून अधिक थांबण्यासाठी आठवतो. ज्या घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले, ती पावनखिंड झाली, आणि आजही पावसाळ्यात शेकडो पावले त्या वाटेने जातात.

आता, जासुदाला न थांबण्यास सबळ कारण होते. हौसेने धावणाऱ्याजवळ तेही नाही. तो थांबला तर कोणतेही राज्य बुडत नाही. एक आकडा तेवढा लांबतो. म्हणजे निरुद्देश धावणारा हा जगातील सर्वांत मोकळा मनुष्य ठरावा. प्रत्यक्षात मात्र ही मोकळीक त्याला सुचत नाही. २००६ साली एव्हरेस्टच्या उत्तरेकडील वाटेवर डेव्हिड शार्प हा इंग्रज गिर्यारोहक मरणाच्या दारी पडला असता सुमारे चाळीस जण त्याच्या जवळून गेले, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. काहींना तो दिसला नसेल, काहींना मेलेला वाटला असेल, काहींनी थांबून प्रयत्नही केला. आणि त्या उंचीवर दुसऱ्याला खाली आणणे बहुधा अशक्यच असते. तरी सर एडमंड हिलरींनी शिखराच्या या हव्यासाची कठोर निंदा केली. वाचवता येणे आपल्या हाती नसते, हे कबूल. पण थांबून पाहणे आणि पुढे कळवणे हाती असते. शामोनीचे कलम तरी याहून अधिक काय मागते?

डोंगरवाटेवर पडणाऱ्यांची आपल्याकडील सर्वांत जुनी कथा महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. धर्मराज वळून न पाहता चालत राहतो. भीम प्रत्येक वेळी कारण विचारतो आणि धर्मराज पडणाऱ्याचा दोष सांगतो. हिचा पक्षपात, याचा बुद्धीचा गर्व, त्याचा रूपाचा. पुढे स्वर्गाच्या रथापाशी मात्र तो अडून बसतो. भावंडे आणि द्रौपदी यांच्यावाचून मला स्वर्ग नको, म्हणतो. आणि बरोबर आलेल्या कुत्र्याला टाकण्यास साफ नकार देतो. जो सख्ख्या भावांसाठी थांबला नाही, तो कुत्र्यासाठी का थांबला? शास्त्रीपंडितांची उत्तरे निराळी असतील. आम्हाला असे वाटते, की वाटेवर पडणाऱ्या प्रत्येकाचा दोष त्याच्यापाशी तयार होता. कुत्र्याचा दोष त्याने शोधलाच नाही, म्हणून त्याला सोडून जाणे जमले नाही. पडलेल्याला ओलांडण्यास पाय उचलावा लागतो, आणि त्याचा दोष सापडला की पाय हलका होतो.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अकस्मात गारा, पाऊस आणि बोचरे वारे सुटले, आणि २१ धावपटू मृत्युमुखी पडले. वारा अडवणारा अंगरखा सक्तीच्या सामानात नव्हता. पुढे चौकशी झाली, दोष ठरले, आणि ते ठरायलाच हवे होते. पण त्या दिवशी जू केमिंग नावाचा एक मेंढपाळ त्याच डोंगरावर होता. त्याने शेकोटी पेटवून सहा जणांना आपल्या गुहेत ऊब दिली. ते सहाही वाचले. पैठणच्या नाथांविषयी परंपरा सांगते, की रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. यात्रा अपुरी राहिली असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही.

आनेकलाच्या रस्त्यांवर हत्ती आडवा आला, तर सारेच थांबतात. त्यात नीती नाही, नुसते शहाणपण आहे. न थांबल्याने ज्याचे काही बिघडत नाही, त्याचे थांबणेच मोजावे. आम्ही सरकारी नोकर डोंगर धावत नाही. पण मुदत आम्हालाही असते, आणि ‘निकाली’ हा शब्द आमच्या छातीवरच्या पदकासारखा आहे. टेबलापलीकडे एखादी म्हातारी निवृत्तिवेतनाचा कागद धरून उभी असते. अर्जात एक रकाना रिकामा असतो. तो तिचा दोष. तेवढा शेरा मारला की पाय हलका होतो आणि फाइल पुढे धावते. तो रकाना तिला विचारून भरण्यास पाच मिनिटे लागतात. परमुलखात बदलीवर आलेल्या आपणां सर्वांना ठाऊक आहे, की भाषा न समजणाऱ्या माणसाची निम्मी चूक ही नुसती भाषेचीच असते. त्या पाच मिनिटांनी कोणतेही राज्य बुडत नाही.