अहिंसेची सीमा आणि रुग्णालयाचा कचरा

पतंजलींच्या योगसूत्रांत शौच, म्हणजे शरीराची व मनाची शुद्धी, हा पहिला नियम आणि अहिंसा हा पहिला यम सांगितला आहे. त्यावरील व्यासभाष्यात तर उरलेल्या सर्व यम-नियमांचे मूळ अहिंसेतच असल्याचे म्हटले आहे. हे मान्य केले, की रुग्णालयाच्या स्वच्छतेविषयी एक गंभीर प्रश्न उभा राहतो: एका जागेची शुद्धी दुसऱ्या जागेला अपाय करून साधली असेल, तर तिला शौच म्हणता येईल काय?

रक्ताळलेले बोळे, वापरलेल्या सुया, सलाइनच्या नळ्या, मुदत संपलेली औषधे अशा संसर्गजन्य वा घातक टाकाऊ वस्तूंना जैववैद्यकीय कचरा म्हणतात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार तो जिथे निर्माण होतो तिथेच वेगळा करावा लागतो आणि प्रक्रियेविना ४८ तासांहून अधिक काळ साठवता येत नाही. सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय नसलेल्या ग्रामीण व दुर्गम भागांत त्यातील काही कचरा २ मीटर खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा परवानगीने मिळते, पण भूजल त्या खड्ड्याच्या तळापासून किमान ६ मीटर खाली असावे लागते. मालवणच्या दक्षिणेला, कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेल्या तारकर्ली-देवबागात अशी ८ मीटर कोरडी जमीन मिळणे जवळजवळ अशक्य आहे. तिथे पुरलेले विष विहिरीपासून फार काळ दूर राहणार नाही.

जाती, देश, काल आणि समय, म्हणजे प्रसंगपरत्वे केलेला संकेत, यांच्या मर्यादा ज्याला नाहीत तेच महाव्रत, असे पतंजली म्हणतात. ‘तीर्थक्षेत्री हिंसा करणार नाही’ ही प्रतिज्ञा भाष्यकाराला म्हणूनच अपुरी वाटते. कचरा नुसता पुरणे म्हणजे अपाय पुढच्या काळावर ढकलणे होय, आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिक उघड्यावर जाळून डायॉक्सिनसारखी विषे हवेत सोडणे म्हणजे तो दुसऱ्या गावावर ढकलणे होय. म्हणूनच नळ्या व सिरिंजा लाल पिशवीत घालून, वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला देणे आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात बंद करणे ही कृती तांत्रिक असली तरी तिचा आशय व्रताचा आहे.

हे व्रत रुग्णालयाच्या दारापाशी संपत नाही. किनाऱ्यावरच्या खोलीत उतरलेल्या मधुमेही पाहुण्याने इन्शुलिनची सुई साध्या कचऱ्यात टाकली, तर ती कचरा उचलणाऱ्याच्या बोटात किंवा किनाऱ्यावर अनवाणी रापणीचे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराच्या तळव्यात शिरू शकते. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वात यांची लस देणे नियमांनी बंधनकारक केले आहे, कारण उपचाराची जबाबदारी रुग्ण बरा झाल्यावरही शिल्लक राहते. त्या कचऱ्याला शेवटचा हात लावणारा माणूस रुग्णाइतकाच सुरक्षित असेल, तेव्हाच रुग्णालयाच्या स्वच्छतेला शौच हे नाव शोभेल.