खाल्ल्या मिठाचा हिशेब

कारखाना बंद पडल्यावर कामगाराने त्याची आठवण कशी ठेवायची? प्रश्न साधा दिसतो. पण आपल्या माणसाला तो साधा नाही. कारण या आठवणीला एक शब्द गोचिडासारखा चिकटून येतो. उपकार. आणि याच शब्दाने आपल्या बापजाद्यांची मान पिढ्यान् पिढ्या खाली ठेवली.

मी मुंबईत लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका इलेक्ट्रिकल कारखान्यात बावीस वर्षं काढली. तिथे मोटारी बनायच्या. पंपाला, चक्कीला, क्रेनला लागणाऱ्या. मी वाइंडिंग खात्यात. तांब्याची तार फर्म्यावर गुंडाळून कॉइल करायची, स्टेटरच्या खाचांत इन्शुलेशनचा कागद सारून ती बसवायची, टोकं जोडायची, दोरीने आवळायची. मग तो स्टेटर वार्निशच्या टाकीत बुडायचा, भट्टीत भाजून निघायचा. शेवटी टेस्टिंगवाला मेगर लावायचा. काटा बरोबर जागी थांबला की माल पास. नव्वदच्या दशकात गेटला टाळं लागलं. आता तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत.

जुने कामगार अधूनमधून हॉल घेऊन जमतात. वडे येतात, चहा येतो, मग भाषणं. ‘कंपनी आपली आई होती.’ ‘आपण सगळे एक कुटुंब होतो.’ ‘मालकाचं मीठ खाल्लंय, वाईट बोलू नये.’ एकदा माझ्याबरोबर चळवळीतला एक पोरगा आला होता. बाहेर पडल्यावर म्हणाला, “काका, ज्यांनी तुमचा डबा कधी आपल्या डब्याशेजारी ठेवू दिला नाही, त्यांच्यात बसून तुम्हीपण डोळे पुसता? कशासाठी?”

त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला रस्त्यावर उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी मिठाचं बघू. खाल्ल्या मिठाला जागावं, ही म्हण कोणाच्या फायद्याची? गावात महार रात्रंदिवस राबायचा. सरकारचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचा, गावाची शीव राखायचा. त्याच्या बदल्यात बलुत्याची पेंढी आणि दारोदारची भाकर. या कामाला मजुरी म्हटलं असतं तर दर ठरवावा लागला असता, तास ठरवावे लागले असते. म्हणून तिला देणगी म्हटलं. देणगीचा दर विचारायचा नसतो, तिला फक्त जोहार घालायचा असतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध विधेयक आणलं, ते या गाठीवरच घाव घालायला. वतनं कायद्याने गेली ती पुढे १९५८ च्या कायद्याने. कायद्याने वतन गेलं, पण वतनाची नीती गेली नाही. ती बिऱ्हाडाच्या गाठोड्यातून मुंबईला आली आणि आमच्याबरोबर गेटच्या आत शिरली. म्हणून तर महिन्याचा पगार हातात पडला की आमच्यातला जुना माणूस पाकीट कपाळाला लावायचा.

मला मात्र मिठाचा एकच प्रकार आठवतो. उन्हाळ्यात भट्टीवरच्या कामगारांना मिठाच्या गोळ्या वाटायचे. घामावाटे अंगातलं मीठ जायचं, माणूस चक्कर येऊन पडायचा, काम थांबायचं. म्हणून गोळी. म्हणजे आमच्याच अंगातून काढलेलं थोडं परत द्यायचं, उद्याही काढता यावं म्हणून. कंपनीचं खाल्लेलं मीठ म्हणून कोणी बोलायला लागला की मला ती गोळी आठवते.

आणखी एक शब्द बघा. ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्याने कामगाराला ती हक्क म्हणून मिळाली; वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. पण इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ खुशीने दिलेलं बक्षीस. सरकारी मराठीतही उपदानच. कायदा हक्क म्हणतो आणि नाव बक्षीस म्हणतं. आमच्या कारखान्यातल्या कितीतरी लोकांना ही रक्कम मिळवायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आणि ज्याला अखेर चेक मिळाला तो काय म्हणाला? ‘साहेबांनी दिले बाबा!’ आपलेच पैसे, आणि साहेबांनी दिले.

मग आभार मानायचेच नाहीत का कोणाचे? मानायचे. पण कसोटी लावून. जे न देता चाललं असतं, तरी कोणी दिलं, त्याचे आभार. मजुरी न देता मालकाचं चाललं नसतं. माझ्या बोटांशिवाय त्याची मोटार फिरली नसती. तो व्यवहार होता, आणि त्यातही काटा त्याच्या बाजूला झुकलेला. पण वाइंडिंग खात्यात एक म्हातारा कारागीर होता, कोकणातला, आमच्या जातीचा नाही. बिघडलेली कॉइल कुठे जळली आहे ते तो नुसत्या वासावरून सांगायचा. त्याने मला पाळी संपल्यावर थांबवून घेऊन जोडणी शिकवली. कारागिरी लपवून ठेवली असती तर त्याला कोणी विचारणार नव्हतं. त्याचे आभार मी मरेपर्यंत मानीन. मालक आणि तो कारागीर यांना एकाच हारात ओवणं, ही माझ्या मते नीतीची गफलत आहे.

आता पोराच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा. मग डोळे का पुसतो?

कारण गेटच्या आत मला बिल्ला होता आणि बिल्ल्यावर नंबर होता. गावात माझ्या बापाला हाक मारायची तर जातीनेच मारायचे. इथे हजेरीबाबू नंबर पुकारायचा. पगाराची तारीख ठरलेली, तास ठरलेले, भोंगा झाला की माणूस मोकळा. मेगरचा काटा स्टेटर कोणी भरला ते विचारत नव्हता. माझं काम पास होत होतं आणि ते पास झालेलं सगळं खातं बघत होतं. ज्याला पिढ्यान् पिढ्या कामावरूनच हीन ठरवलं, त्याला आपलं काम चांगलं आहे हे यंत्राकडून कळणं ही लहान गोष्ट नाही.

हे आपोआप आलेलं नव्हतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. विजेचा विषयही त्याच खात्याकडे होता. १९४३ साली त्या समितीपुढे त्यांनी मांडलं त्याचा आशय असा, की स्वस्त आणि भरपूर वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योगांशिवाय या देशातला गरीब दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाही. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती १९४६ ची. म्हणजे वीज, कारखाना आणि कामाचे तास ही आपल्या मुक्तीच्या विचारातलीच गोष्ट होती. मालकाच्या शेडवर मी रडत नाही. गावकुसाबाहेरून निघालेली एक वाट तिथून जात होती, ती बुजली याचं दुःख मला आहे.

पण ‘कुटुंब’ म्हणाल तर मी उठून उभा राहीन. यंत्राला जात नव्हती, खात्याला होती. वार्निशची टाकी रिकामी झाली की आत उतरून ती खरवडायची. वासाने डोकं फिरायचं. त्या कामाला कोणाची नावं निघायची? आमची. संडास-मोऱ्यांचं काम बापाकडून पोराकडे जायचं, वतनासारखंच. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. वर्षभर मी ज्या मशीनवर बसलो त्या मशीनला त्या दिवशी हार घालायला दुसराच हात लागायचा. दसरा झाला की पुन्हा मी बसायला मोकळा! चौदा एप्रिलची रजा मागितली की फोरमन म्हणायचा, ‘तुमचं आपलं नेहमीचंच.’

हे एकट्या आमच्या शेडमधलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात जास्त पगार, आणि तिथेच अस्पृश्याला बंदी. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू त्यांनी सांगितले, ते असल्या अनुभवावरूनच. रेल्वे अस्पृश्याला गँगमन करते पण हमाल करत नाही, कारण हमालाकडून स्टेशनमास्तर घरचं काम करून घेतो, हेही त्यांनी तिथे दाखवून दिलं.

आणि हा रोग फक्त आपल्याच मातीतला आहे असंही नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोन केबलचा कारखाना होता, पॉइंट ब्रीझ नावाचा. डिसेंबर १९४३ मध्ये तिथल्या गोऱ्या कामगारांनी संप केला. पगारवाढीसाठी नाही. काळ्या कामगारांचे संडास वेगळे करा म्हणून! दुसरं महायुद्ध पेटलेलं, लष्कराला केबल हवी होती. शेवटी अध्यक्ष रूझवेल्टने कारखाना सैन्याच्या ताब्यात दिला. पुढे तोही कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला. आता तिथल्या जुन्या गोऱ्या कामगाराची आठवण आणि जुन्या काळ्या कामगाराची आठवण एक असेल काय? दोघांनी एकाच गेटमधून कार्ड पंच केलं असलं तरी?

आमच्याकडे हा फरक टाळं लागल्यावर उघडा पडला. ज्याला गावी जमीन होती तो गावी गेला. भातशेती, आंब्याची कलमं, भावकीत हिस्सा. त्याला परतायला जागा होती. आमचं गाव म्हणजे गावकुसाबाहेरचं खोपट, आणि परतायचं म्हणजे पुन्हा पाटलाच्या बांधावर. आम्ही झोपडपट्टीतच राहिलो. कोणी नाक्यावर उभा राहिला, कोणी रिक्षा घेतली, कोणी दारूने गेला. बायकांनी घरकामं धरली. पॅकिंग खात्यातल्या एका दोस्ताचा पोरगा त्याच जागेवरच्या इमारतीत कंत्राटावर झाडू मारतो. त्याला ‘हाउसकीपिंग’ म्हणतात. बापाकडे निदान बिल्ला होता, युनियन होती, पीएफ होता. पोराकडे नुसता युनिफॉर्म आहे, तोही ठेकेदाराचा. ज्याला परत जायला काहीच नव्हतं त्याचं नुकसान सगळ्यात मोठं, आणि स्नेहमेळाव्याच्या माइकवर तोच सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा त्याची पाळी येईपर्यंत वडे संपलेले असतात.

तेव्हा पोरा, तुला माझं उत्तर हे. मिठाला जागणारी आठवण मला नको, ती वतनाची आठवण आहे. पण तू म्हणतोस तसं थुंकून मोकळं होणंही मला जमत नाही. थुंकलो तर माझी बावीस वर्षांची बोटं, त्या म्हाताऱ्याची विद्या, टाकीत उतरलेल्यांची फुप्फुसं, हे सगळं मालकाच्या खात्यावर फुकट जमा होईल. आठवण म्हणजे आमची हिशेबवही आहे. तिच्यात जमाही लिहायची आणि येणंही लिहायचं. जो फक्त जमा वाचून दाखवतो तो मालकाचा भाट. जो वहीच फाडतो तो न कळत मालकाचं देणं माफ करतो.

तुम्ही पोरं वस्त्यांतून फिरता, सभा घेता. बंद कारखान्यांची म्हातारी माणसं तुमच्या गल्लीत बसलेली आहेत. त्यांना ‘तो काळ कसा होता’ असं विचारू नका; ते चांगलंच सांगतील, ती त्यांची सवय आहे. विचारा, डबा कुठे बसून खाल्लात? टाकीत कोण उतरत होतं? परमनंट कोण झालं, बदलीवर कोण राहिलं? काम कोणी शिकवलं, कोणी लपवलं? शेवटी हातात किती पडलं, किती यायचं राहिलं? नंतर कुठे गेलात? ज्या बायकांनी नंतर घर ओढलं त्यांनाही विचारा, त्यांच्या वहीत तर कोणी अजून एक ओळ लिहिलेली नाही. उत्तरं त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या, सुधारू नका, आणि पुढच्या अंकाला आणून द्या.