जुना पूल, नवे ओझे



१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे मंदिर वर येते आणि आपल्या वडीलधाऱ्यांना जुनी घरे, जुन्या वाटा आठवतात.

पळसदेवपासून जवळच, डिकसळला, याच भीमेवर इंग्रजांच्या काळातला दगडी पूल आहे. १८५८ साली पुण्याहून आगगाडी डिकसळपर्यंत आली आणि १८५९ मध्ये नदी ओलांडून बार्शी रोडकडे, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीकडे गेली. पूल बांधणाऱ्या कंपनीच्या मनात कापूस आणि नफा होता. पुढे धरणामुळे रेल्वेमार्ग दुसरीकडे वळवला गेला. रूळ गेले, पण पूल राहिला. मग त्याच पुलावरून इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतली माणसे ये-जा करू लागली. बाजारकरी, शाळेची मुले, दवाखान्याला निघालेले आजारी, उसाच्या ट्रॉल्या, सारे त्याने पेलले. अखेर तो कमकुवत झाला आणि जड वाहनांना मनाई करावी लागली.

तत्त्वज्ञान म्हणते, वस्तूची ओळख तिच्या हेतूवरून होते. पुलाचे काम बदलले, पण हेतू बदलला नाही. एका तीराचे माणूस दुसऱ्या तीरावर पोहोचवणे, हाच तो हेतू.

आपल्या घरातले आजी-आजोबाही असेच आहेत. एकेकाळी त्यांनी शेत पेलले, संसार पेलला. आज त्यांच्या हातात फक्त जपमाळ आहे. आपण म्हणतो, "आता यांचा काय उपयोग?" पण रुसलेल्या दोन भावांना एका ताटावर बसवणारे तेच असतात. देवाचे पाचारण निवृत्त होत नाही.

मात्र आपला एक दोष आपण कबूल करू या. पुलावरून आपण रोज जातो, पण त्याची डागडुजी कोणी करायची हे विचारत नाही. तसेच ज्यांच्या खांद्यावरून आपण पार झालो, त्यांचा थकवा आपल्याला दिसत नाही.

सिएनाची संत कॅथरीन हिने प्रभू येशूला स्वर्ग आणि पृथ्वी जोडणारा पूल म्हटले. त्या पुलावरून आपण सारे फुकट पार झालो. त्याची किंमत त्याने क्रुसावर भरली.

या आठवड्यात आपल्या घरातल्या थकलेल्या पुलाजवळ थोडा वेळ बसू या. त्यांचे एखादे ओझे उतरवू या. आणि ज्या भावाशी, शेजाऱ्याशी आपले बोलणे तुटले आहे, त्याच्याकडे पहिले पाऊल आपणच टाकू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.