हनुवटीवरचा पांढरा ठिपका

पुतण्याने इंग्लंडहून फोटो पाठवला. कालव्याच्या काठावर एक लांबुळकं, तपकिरी, ओलंचिंब जनावर, तोंड कॅमेऱ्याकडे वळवलेलं. खाली एवढंच लिहिलेलं: ‘काका, इकडेही मुंगूस?’

मी पीथमपूरला राहतो. आमच्या घरात ते मुंगूस असतं आणि फाटकाबाहेर पडलं की त्याचा नेवला होतो. धार-देवासच्या पवारांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घरांची ही जुनीच दुहेरी जीभ. पावसाळ्यात कारखान्यांच्या भिंतींलगत गवत माजलं की सकाळच्या फेरीत ते आठवड्यातून एकदा तरी आडवं जातं. मांजर आडवं गेलेलं चालत नाही, मुंगूस गेलेलं चालतं. त्यामुळे ‘हो, दिवस चांगला जाईल’ असं उत्तर टाइप करून मी मोकळा होणार होतो. मग फोटो मोठा करून पाहिला.

मुंगसाचा एकेक केस पट्ट्यापट्ट्यांचा असतो, गडद आणि फिका आलटून पालटून. म्हणून त्याचं अंग दुरून तीळ-जिरं कुटून भुरभुरल्यासारखं दिसतं. हे जनावर एकरंगी होतं, काळपट तपकिरी, आणि खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत पांढरा ठिपका. म्हणजे अमेरिकन मिंक. युरोपचा स्वतःचा मिंक वेगळा. त्याचे वरचा-खालचा असे दोन्ही ओठ पांढरे असतात, आणि तो ब्रिटनमध्ये कधी नव्हताच. तिथे मिंकची गल्लत व्हायची ती पाणमांजराशी. पण पाणमांजर अंगाने कितीतरी मोठं, आणि पोहताना त्याचं बहुतेक डोकंच वर दिसतं. मिंक बुचासारखा तरंगतो, पाठसुद्धा पाण्याबाहेर.

एवढ्या बारकाईला अर्थ आहे. त्या ठिपक्यामागे एक धंदा आहे. 1929 पासून ब्रिटनमध्ये मऊ कातड्यासाठी मिंक पिंजऱ्यांत पाळले गेले. काही निसटले, काही पुढे प्राणिप्रेमींनीच सोडून दिले. 1956 मध्ये डेव्हनमधल्या टीन नदीवर ते मोकळ्यावर वीत असल्याचं सिद्ध झालं. नंतरची दशकं तिथल्या पाणउंदराला फार वाईट गेली. या पाणउंदराला पळायच्या दोनच वाटा ठाऊक: पाण्यात बुडी मारायची, नाही तर काठच्या बिळात शिरायचं. शिकारी पक्ष्यांपासून, कोल्ह्यापासून वाचायला त्या पुरत होत्या. मिंक पोहतो, आणि मिंकची मादी इतकी सडपातळ असते की त्याच बिळात मागोमाग शिरते. मिंक क्रूर म्हणून हे घडलं नाही. समोरच्याची संरक्षणाची रीत दुसऱ्याच शत्रूसाठी घडलेली होती.

आता आपल्या मुंगसाकडे येतो, कारण पुतण्याचा प्रश्न वाटला तितका चुकीचा नव्हता. लहान भारतीय मुंगूस, म्हणजे माळव्यात दिसणाऱ्या राखी मुंगसाचा धाकटा भाऊ, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. 1872 मध्ये एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने ऊस खाणाऱ्या उंदरांवर उपाय म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली. जमैकातून 1883 मध्ये ती हवाईत गेली. उंदीर मुख्यतः रात्री हिंडणारे, मुंगूस दिवसा. आणि ज्याला जमिनीवरची अंडी आयती मिळतात तो उंदरामागे किती धावणार?

जपानची गोष्ट याहून बोचरी. 1910 मध्ये वातासे शोझाबुरो या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने गंगेच्या मुखाकडची मुंगसं ओकिनावात सोडवली. हाबू नावाचा विषारी साप ती संपवतील ही आशा. त्या काळी मुंगूस-सापाच्या झुंजीचं प्रात्यक्षिकही झालं. आपल्याकडे प्रत्येकाने लहानपणी गारुड्याकडे पाहिलेलाच खेळ! पण गारुडी दोघांना एकाच वेळी, एकाच फडक्यावर, भरउन्हात आणतो. रानात हाबू रात्री निघतो आणि मुंगूस दिवसा. त्यांची गाठ पडणारच कशी? प्राध्यापकांनी प्राणी पाहिला होता, त्याचा दिवस पाहिला नव्हता. 1979 च्या सुमारास अमामी ओशिमा बेटावर तीच चूक पुन्हा केली गेली. तिथे, शेजारचं टोकुनोशिमा बेट सोडलं तर जगात इतरत्र कुठेही नसलेला एक काळा ससा राहतो, आणि त्या बेटावर मांसाहारी सस्तन प्राणी मुळात नव्हतेच. 2024 च्या सप्टेंबरमध्ये जपानने जाहीर केलं की अमामी आता मुंगूसमुक्त आहे. त्यासाठी वीसहून अधिक वर्षं सापळे लावावे लागले आणि तीस हजारांहून अधिक मुंगसं पकडून मारावी लागली.

हे वाचताना पंचतंत्रातलं, बाळाला सापापासून वाचवणारं आणि रक्ताळलेल्या तोंडामुळे मारलं गेलेलं मुंगूस आठवतंच. तरी माझं मत असं की अमामीच्या लोकांनी योग्य केलं. मुंगसाचा दोष शून्य होता, पण ससा राहायला हवा होता, आणि दोघेही एकाच बेटावर राहू शकत नव्हते. कठीण कामं करणारे लोक बहुधा दुसऱ्याच्या चुकीचं बिल भरत असतात. पीथमपूरला हे वेगळं सांगायला नको. 2025 च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा तीनशे सदतीस टन कचरा बारा कंटेनरांतून इथे जाळायला आला तेव्हा गाव रस्त्यावर उतरून विचारत होतं, आमच्याकडेच का? जमैकातल्या पाखरांना तेवढंही विचारता आलं नव्हतं.

इथवर मी आरामात होतो. चुका साहेबांच्या, मळेवाल्यांच्या, प्राध्यापकांच्या. मग पुतण्याने विचारलं, ‘तुमच्याकडे नाही ना असं काही?’

धारच्या पश्चिमेला सरदारपूर आहे. तिथे तणमोरासाठी 1983 मध्ये अभयारण्य झालं; इकडे त्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात नर गवतातून उसळ्या घेतो, दिवसाला शेकड्यांनी; मादी जमिनीवर अंडी घालून गवताच्याच रंगात मुकाट दबून बसते. आज हा पक्षी अतिसंकटग्रस्त आहे. माळरानं नांगरली गेली हे पहिलं कारण. अभयारण्यामुळे जमिनींच्या खरेदी-विक्रीला खीळ बसली म्हणून गावकऱ्यांचा राग, हेही आहेच, आणि तो मला पूर्ण कळतो. पण आणखी एक संकट त्या माळावर चार पायांनी फिरतं. दबून बसणं ही ससाण्याच्या डोळ्यांना चकवायची रीत आहे. कुत्रा डोळ्यांनी शोधत नाही, नाकाने शोधतो.

भटका कुत्रा परका नाही, त्याला कुणी जहाजातून आणलेलं नाही, त्याच्या हनुवटीवर ओळखीचा ठिपकाही नाही. उकिरडे, कत्तलीचा कचरा आणि आपली भूतदया यांवर त्याची टोळी वाढते आणि रात्री गवतात शिरते. त्याला मिंकच्या रांगेत बसवायला माझी जीभ धजत नाही, आणि ती का धजत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

‘आहे,’ असं मी पुतण्याला लिहिलं. पुढचं लिहायचं राहिलं, कारण फिरायला जायची वेळ झाली होती. कोपऱ्यावरची चार कुत्री मला ओळखतात. माझ्या खिशात रोज बिस्किटांचा पुडा असतो.