हायपोचं पाणी

भाचा सकाळच्या एसटीनं लातूरहून आला तो थेट वजिराबादेतल्या माझ्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे आता नुसतं काउंटर. काम थांबवून सहा वर्षं झाली. पण लग्नसराईत तो नांदेडला आला की त्याच काउंटरवर पिशवी उपडी करतो. त्या दिवशी तीन डबे निघाले.

"मामा, परवा औशाजवळ लग्न हाय. हळद, अक्षता, वरात, सगळं माझ्याकडंच. जुन्या बॅटऱ्या बसल्यात. दुकानदार ओळखीचा, म्हणला घरी दाखवून या. यातली कोणती ठेवू?"

पहिली बॅटरी कॅमेऱ्याच्याच कंपनीची. दुसरी भलत्याच कंपनीची, पण डब्यावर तिचं स्वतःचं नाव. पहिलीच्या पैशात अशा चार येतात. तिसरीवर नाव पहिलीचंच, किंमत निम्मी, आणि बिल नाही.

"आधी ही तिसरी बाजूला कर," मी म्हणालो.

"कामून? चालली तर?"

"चालेलही. पण दुसरी सरळ सांगायलीय की मी अमकी, स्वस्त आहे, पटलं तर घ्या. ही दुसऱ्याचं नाव लावून बसलीय. उद्या काही झालं तर हिच्याबद्दल विचारायला जायचं कुणाकडं?"

त्यानं ती परत पिशवीत टाकली. तेवढा भाग सोपा होता.

"मग पहिलीच घ्या म्हणणार तुम्ही."

"अजून म्हणालो नाही."

"म्हणाल. पण ऐका. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पहाटेच गाडी आली, मी तिथं उभा होतो. कॉलेजात होतो, कॅमेरा जुना घेतलेला, बॅटरी अशीच हजार रुपयांची. कंपनीच्या बॅटरीसाठी पैसे साठवत बसलो असतो तर त्या वाघिणीवरचा माझा फोटो कुठून आला असता? स्वस्त वस्तूनंच मला या धंद्यात आत घेतलं, मामा. तिला मी आता नावं ठेवू?"

तो फोटो माझ्या घरात भिंतीवर आहे. ज्यांच्या घरात पहिल्यापासून पैसा आहे त्यांनाच कला करता यावी असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. मी स्वतः आग्फा क्लिक थ्रीवर सुरुवात केली. एका रोलवर बारा फोटो, आणि बॅटरी हा प्रकारच नाही. त्याचं म्हणणं मला मनापासून पटलं, आणि तसं मी बोललो.

"मग अडतंय कुठं?"

"आत काय असतं ते बघ. दोन सेल एकापुढं एक जोडलेले, म्हणून वर 7.2 व्होल्ट लिहितात. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टपर्यंतच भरायचा. त्याच्यावर गेला की धोका. तिथं थांबवायला एक छोटं सर्किट असतं. सेलच्या दोन बाजूंमध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा. तो फाटला की सेल आतल्या आत पेटू शकतो. पैसे वाचवायचे तर माणूस याच न दिसणाऱ्या जागी वाचवतो. डब्यावर आकडा मोठा छापायला काय लागतं? आणि तू चार्जिंग लावणार मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात, जनरेटरवर."

"सगळेच तसे नसतात. आय.एस. 16046 चा शिक्का आहे हिच्यावर, खाली आर नंबर. बी.आय.एस. केअर अ‍ॅपवर टाकून बघितला, निघाला. आणि मोठ्या नावाचं काय सांगता? 2012 ला निकॉननं स्वतःच्याच ईएन-ईएल15 बॅटऱ्यांचे काही लॉट परत मागवले, तापायल्या म्हणून. 2016 ला सॅमसंगनं नोट सेव्हन अख्खाच मागं घेतला."

"मागं घेतला ना? कोणता लॉट, कुणी केला, कुणाकडं गेला, हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून घेता आला. जास्तीचे पैसे त्या पत्त्याचे असतात, बाळा. चुकणार नाही याचे नसतात."

"बरं. निकॉननं बॅटरी बदलून दिली. त्या बॅटरीमुळं ज्याचं लग्न हुकलं असेल त्याला लग्न बदलून दिलं?"

मी गप्प बसलो. खरंच उत्तर नव्हतं. हमीपत्र असतं ते बॅटरीचं. अक्षता पडतानाच्या त्या दोन मिनिटांचं हमीपत्र जगात कुठलीच कंपनी देत नाही.

त्यानं ते ओळखलं आणि पुढं सरकला. "म्हणून मी म्हणायलोय, चार घेऊ. एक मेली तर खिशात तीन. महागाची एकच घेऊन बसलो अन् तीच गेली तर?"

"चार एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच लॉटच्या घेशील. कणगीत एक दाणा किडका निघाला तर दुसऱ्या कणगीतलं धान्य खाता येतं. तुझी कणगी एकच आहे, तू तिला चार वेळा मोजायलास."

तो हसला नाही. बॅटरी उलटी करून लॉटचा नंबर वाचत बसला. त्याच डब्यातून तसलीच आणखी एक काढली, तिचा नंबर वाचला. तोच होता.

"मागच्या महिन्यात चाकूरला असंच झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "कॅमेरा साठ टक्के दाखवायलता. शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. एकदम स्क्रीन काळी. बदलेपर्यंत अंतरपाट खाली आलेला."

"मग?"

"कुणाला कळलं नाही. मोबाइलवाल्या पोराकडून दोन फोटो घेतले, अल्बममध्ये घातले. मुलीच्या वडिलांनी पैसे पूर्ण दिले."

"त्यांना सांगितलंस?"

"काय सांगायचं? त्यांनी दर पाडला दोन हजारांनी. सोयाबीनला भाव नाही म्हणले, खरंच नव्हता. मग मी बॅटरीत वाचवले. दोघांचाही नाइलाज."

"दोघांचा कसा? दर त्यांनी पाडला हे त्यांना माहीत होतं. बॅटरी तू पाडलीस हे एकट्या तुला माहीत होतं. आणि त्या मुलीला दोन्ही माहीत नव्हतं."

"म्हणजे अल्बमच्या दरपत्रकात बॅटरीची कंपनी लिहू?"

"लिही. या पैशात ही, त्या पैशात ती. त्यांना निवडू दे."

"ऑर्डर जाईल मामा. लातूरात गंजगोलाईपासून चार पावलांवर सहा स्टुडिओ आहेत, त्यातला एकही असलं लिहीत नाही."

"जाईल."

एवढं म्हणून मला थांबता आलं असतं. चिमटा त्याच्या पोटाला बसणार, माझ्या नाही. काम सोडलेल्या माणसाला असा एक शब्द बोलायला काय जातं? म्हणून मग कपाटातला खालचा खण ओढला आणि एक जुना ट्रे काउंटरवर ठेवला.

"हे कशाचं?"

"हायपोचा ट्रे. काळापांढरा फोटो हायपोत पक्का करायचा आणि मग तासभर वाहत्या पाण्यात धुवायचा. ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा. नळाला पाणी नाही, टँकरची वाट. हायपो ताजा करायला पैसे लागतात, धुवायला पाणी. एका लग्नाचे फोटो मी मेलेल्या हायपोतून काढले आणि दोन बादल्यांत धुतले. ओले असताना झकास दिसत होते. सगळे खूश."

"मग?"

"वीसेक वर्षांनी ती बाई अल्बम घेऊन आली. नवरा गेला होता. त्याचा एक मोठा फोटो करून द्या म्हणाली. अल्बम उघडला तर सगळे चेहरे पिवळट तपकिरी, त्याचा तर निम्मा उडालेला. निगेटिव्ह काढली. ती धुतलेली त्याच बादलीत."

"एकाच लॉटची," भाचा पुटपुटला.

बाहेर गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या ऑटोंची गर्दी वाढत होती. त्यानं ट्रेवरचे डाग बोटानं घासून बघितले. ते निघत नाहीत, मी पुष्कळदा घासलेत.

"तुम्ही काय सांगितलं तिला?"

"जुने झालेत फोटो, म्हणालो. काळानं पिवळे पडले. तिनं मान हलवली. उलट मलाच म्हणाली, भाऊ, तुम्ही तरी काय करणार."

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं फोन काढला, औशाच्या लग्नातल्या मुलीच्या वडिलांचा नंबर शोधला, आणि लावायच्या आधी माझ्याकडं बघितलं.

"कुठून सुरू करू?"

"चाकूरपासून," मी म्हणालो.