सेवा संपते कोणत्या तारखेला?

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडणाऱ्याच्या हातात ‘डीडी फॉर्म २१४’ नावाचा एक कागद पडतो. घरकर्जापासून दवाखान्यापर्यंत आणि शेवटी लष्करी इतमामातल्या दफनापर्यंत हा कागद त्याला आयुष्यभर लागतो. नाव, हुद्दा, पदके, एकूण सेवा अशा चौकटींच्या गर्दीत सहाव्या क्रमांकाची चौकट तशी लहानशीच असते. राखीव दलातले बंधन कोणत्या दिवशी संपते, ती तारीख तिथे लिहिलेली असते. अनेकांचे तिकडे लक्षही जात नाही. गणवेश उतरवला की सेवा संपली, असेच माणूस धरून चालतो. कायदा मात्र तसे धरून चालत नाही.

तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्यांदा भरती होणाऱ्यावर सहा ते आठ वर्षांचे बंधन घालता येते आणि १९८४ पासून ते आठ वर्षांचे आहे. करारात प्रत्यक्ष नोकरी तीन-चार वर्षांची असली, तरी उरलेला काळ राखीव दलात काढावा लागतो. बहुतेक जण ‘इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह’ या यादीत जातात. तिथे महिन्याचा पगार नसतो, नेहमीची कवायत नसते. आपला पत्ता कळवत राहायचा, एवढेच. माणूस कॉलेजात जातो, दुकान टाकतो, लग्न करतो, मुले होतात. पण बोलावणे आले की निघावे लागते. जून २००४ मध्ये इराक आणि अफगाणिस्तानात माणसे कमी पडू लागली, तेव्हा अमेरिकी लष्कराने या यादीतून सुमारे ५,६०० जणांना परत बोलावण्याचे जाहीर केले. सहाव्या चौकटीतल्या तारखेचा अर्थ त्या उन्हाळ्यात अनेक घरांना कळला.

ही तारीख चुकते कशी, हे समजून घेण्यासाठी भरतीच्या व्यवहाराकडे जरा जवळून पाहायला हवे. अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बहुधा शाळेत असतानाच करारावर सही करतो आणि शाळा संपल्यावर प्रशिक्षणाला जातो. मधल्या काळासाठी ‘डिलेड एंट्री प्रोग्रॅम’ आहे. या काळात तो घरीच असतो, त्याला पगारही नसतो. पण कायद्याच्या दृष्टीने तो राखीव दलात दाखल झालेला असतो. हा काळ वेतनासाठी धरला जाणार नाही, सेवेच्या बंधनात मात्र मोजला जाईल, असे भरतीच्या करारातच छापलेले असते. समजा, एखाद्याने १० ऑगस्ट २०१५ रोजी सही केली आणि १० जून २०१६ रोजी तो प्रशिक्षणाला गेला. त्याची आठ वर्षे ९ ऑगस्ट २०२३ रोजी भरतात. मुक्ततेचे कागद तयार करणाऱ्या कारकुनाने प्रशिक्षणाच्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली, तर चौकटीत ९ जून २०२४ ही तारीख पडते. एका माणसाच्या आयुष्यातले दहा महिने सरकारच्या खात्यावर जमा होतात. कोणी लबाडी केलेली नसते, कोणाच्या मनात आकस नसतो. हिशेब कुठून सुरू करायचा, तेवढेच चुकलेले असते.

अधिकाऱ्यांची अडचण वेगळी आहे. जवानाची आठ वर्षे भरली की त्याला मुक्त करण्याचा आदेश निघतो. अधिकाऱ्याचे कमिशन मात्र मुदत भरली म्हणून आपोआप संपत नाही, त्याला वेगळा राजीनामा द्यावा लागतो. तो दिला नसल्यामुळे आपण अजून यादीतच आहोत, हे कित्येकांना इराक युद्धाच्या काळात बोलावणे हातात पडल्यावरच कळले.

यावर दाद मागायची सोय नाही असे नाही. लष्करी नोंदी दुरुस्त करणारी नागरी मंडळे अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून आहेत. ‘डीडी फॉर्म १४९’ भरून तिथे अर्ज करता येतो. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत असते आणि न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ती शिथिलही करते. पण मंडळाची सुरुवातच एका गृहीतकापासून होते. सरकारी कामकाज रीतसर झाले आहे असे धरायचे. झाले नसेल, तर ते अर्जदाराने सिद्ध करायचे. तोंडी सुनावणी हा अर्जदाराचा हक्क नाही. दहापैकी नऊ अर्जांचा निकाल दहा महिन्यांत लागावा, अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. वरच्या उदाहरणात वादच दहा महिन्यांचा आहे. म्हणजे यंत्रणा ठरल्या वेळेत, निर्दोषपणे चालली, तरी न्याय मिळेपर्यंत ज्या काळाबद्दल भांडण होते तो काळ निघून गेलेला असू शकतो.

नोंद चुकली तर पुरावा अर्जदाराने द्यावा, हा नियम एरवी वाजवी आहे. एखाद्याला वाढीव वेतन हवे आहे, एखादे पदक हवे आहे, जास्त निवृत्तिवेतन हवे आहे. तो काहीतरी मागतो आहे, तेव्हा पुरावा त्यानेच द्यावा. सेवाबंधनाच्या तारखेचा वाद मात्र मुळातच उलटा आहे. इथे मागणारा माणूस नाही, मागणारे सरकार आहे. त्याला त्या माणसाचे आणखी काही महिने हवे आहेत, प्रसंगी जीवही हवा आहे. जो मागतो त्याने हक्क दाखवावा, हे तत्त्व सावकाराला लागू आहे, घरमालकाला लागू आहे. ते सरकारला लागू नसावे, याचे कोणतेही पटण्याजोगे कारण देता येत नाही.

हवाईतल्या एका माजी सैनिकाची हकीकत या ठिकाणी आठवते. आखाती युद्धात लढून आलेला हा माणूस १९९६ मध्ये सन्मानाने मुक्त झाला होता. आठ वर्षांनी, २००४ मध्ये, त्याला पुन्हा हजर होण्याचा आदेश आला. तो नोव्हेंबरमध्ये न्यायालयात गेला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लष्कराने आदेश मागे घेतला. त्याच्याकडे वकील होता, कागद होते आणि वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. ज्याच्याकडे यातले काहीच नसते, तो मुकाट्याने सामान बांधतो.

त्याच वर्षी ओरेगनमधल्या नॅशनल गार्डच्या एका सार्जंटचा खटला उभा राहिला. ‘सँटियागो विरुद्ध रम्सफेल्ड’ या नावाने तो ओळखला जातो. जून १९९६ मध्ये केलेला आठ वर्षांचा करार २७ जून २००४ रोजी संपत होता. पण तो संपण्याआधीच ‘स्टॉप-लॉस’ लागू झाला. युद्धकाळात सैनिकाची मुक्तता रोखून धरण्याचा अध्यक्षांचा अधिकार या नावाने ओळखला जातो. लष्कराच्या नोंदीत त्याच्या सेवेची नवी अखेर लिहिली गेली ती अशी: २४ डिसेंबर २०३१. सत्तावीस वर्षांहून जास्त. खरोखर तितका काळ ठेवण्याचा विचार नाही, प्रशासकीय सोयीसाठी ही तारीख घातली आहे, असा खुलासा सरकारकडून झाला. मे २००५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सार्जंटच्या विरोधात निकाल दिला. कायदा करारापेक्षा वरचढ आहे आणि तो सही करणाऱ्याला बांधून घेतो, असा त्याचा आशय होता.

हा निकाल समजण्यासारखा आहे. लढाई ऐन भरात असताना तुकडीतली निम्मी माणसे कॅलेंडर पाहून घरी निघाली, तर उरलेल्यांचे प्राण धोक्यात येतात, हा लष्कराचा युक्तिवाद खोटा नाही. आणीबाणीत मुदत वाढवण्याचा अधिकार राष्ट्राकडे असावा, हेही मान्य करता येईल. पण ज्या मुदतवाढीमागे कायदा आहे, कारण आहे, जबाबदार सही आहे, तिची खरी तारीख सांगायला सरकारला अडचण का यावी? २०३१ समजण्यासारखे नाही. कोणाच्या तरी सोयीसाठी घातलेली तारीख त्या सार्जंटच्या अधिकृत नोंदीत त्याच्या आयुष्याची तारीख म्हणून उभी होती. सैन्याची गरज आणि कार्यालयाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी माणूस त्याग करतो. दुसरीसाठी त्याच्याकडून त्याग मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पुढे अमेरिकेने आपली चूक काही प्रमाणात कबूल केली. मार्च २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ‘स्टॉप-लॉस’चा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले. ११ सप्टेंबर २००१ ते ३० सप्टेंबर २००९ या काळात ज्यांना असे अडकवून ठेवले, त्यांना अडकलेल्या दर महिन्यामागे ५०० डॉलर देण्याची तरतूद अमेरिकी काँग्रेसने केली. पात्र माणसांचा सरकारी अंदाज सुमारे १,४५,००० होता. पैशाने ते महिने परत येत नाहीत. पण राज्याने घेतलेल्या जादा वेळेचा हिशेब राज्यानेच मांडावा, हे तत्त्व निदान कागदावर आले.

नोंदीवर सगळी भिस्त ठेवण्यातला आणखी एक धोका आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात मुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी गेल्या. त्यांच्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. ज्यांनी स्वतःचा कागद ट्रंकेत जपून ठेवला होता, त्यांची सेवा सहज सिद्ध झाली. बाकीच्यांना वेतनपट, दवाखान्याच्या वह्या, जिथून मिळेल तिथून तुकडे जोडत बसावे लागले.

जिथे शेवटची तारीखच उरत नाही, तिथे काय होते, हे इरिट्रियाने दाखवले आहे. तिथल्या १९९५ च्या कायद्यात राष्ट्रीय सेवा अठरा महिन्यांची आहे. इथिओपियाशी झालेल्या १९९८ ते २००० च्या युद्धानंतर ती अनिश्चित काळाची झाली. हजारो तरुण वाळवंट आणि समुद्र ओलांडून पळाले, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

आपल्याकडे सक्तीची सैनिकी सेवा नाही, म्हणून हा प्रश्न परका वाटेल. पण तारखेची धार आपल्यालाही ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाची कागदपत्रे बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या खेड्यातल्या माजी सैनिकाला निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते, आणि ती काही महिन्यांनी कमी भरली तर त्रुटी माफ करून घेण्यासाठी त्याला अर्ज, अपील, वेळप्रसंगी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापर्यंत जावे लागते. जन्मतारखेची कथा तर घरोघरची आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिले आणि ते सेवापुस्तकापर्यंत गेले, अशी माणसे महाराष्ट्रात गावोगाव भेटतात.

या वादाचे सर्वांत मोठे उदाहरण लष्करप्रमुखांच्याच पदावर घडले. जनरल व्ही. के. सिंग यांचा जन्म पुण्यातला. लष्कराच्या एका शाखेकडे त्यांची जन्मतारीख १० मे १९५१ होती, दुसरीकडे १० मे १९५०. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाच्या वेळी अर्जात १९५० हे साल पडले होते, तर मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १९५१ होते. एकाच सैन्यातल्या दोन कपाटांत एकाच माणसाची दोन वये चार दशके शेजारी नांदली. १९५० धरले तर मे २०१२ मध्ये निवृत्ती, १९५१ धरले तर मार्च २०१३ पर्यंत कारकीर्द. १० फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आर. एम. लोढा आणि न्या. एच. एल. गोखले यांच्यापुढे सुनावणी झाली. खरी जन्मतारीख कोणती हा प्रश्न नसून सरकारी नोंदीतली कोणती मानायची हा प्रश्न आहे, असा न्यायालयाचा रोख होता. जनरलांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे रोजी ते निवृत्त झाले.

न्यायालयाचा तो रोख सैनिकाच्या बंधनाच्या वादाला जसाच्या तसा लावता येणार नाही. निवृत्तीच्या तोंडावर वय कमी करून घेणाऱ्यांना आळा बसावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने हरनाम सिंग प्रकरणात १९९३ मध्ये जन्मतारीख दुरुस्तीच्या पाच वर्षांच्या मुदतीवर जोर दिला, ते योग्यच होते. तिथे कर्मचारी आणखी नोकरी मागत असतो. उलट राज्य जेव्हा आणखी सेवा मागते, तेव्हा हीच कडक मुदत राज्याच्या चुकीवर पांघरूण घालू लागते.

हा प्रश्न आता आपल्या दारातही येतो आहे. चार वर्षांच्या सैनिकी सेवेच्या अग्निपथ योजनेतली पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. चौघांपैकी जास्तीत जास्त एकाला पुढे ठेवले जाईल, बाकीचे सेवानिधी घेऊन चोविशी-पंचविशीत घरी येतील. संरक्षण मंत्रालयाने आताच ठरवावे: प्रत्येक अग्निवीराला सेवा कोणत्या दिवशी सुरू झाली, कोणता काळ धरला, कोणता वगळला आणि का, याचा हिशेब सहीनिशी द्यावा, सुटण्याच्या सहा महिने आधी द्यावा, म्हणजे आक्षेप घेता येईल, आणि आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत वादातल्या दिवसांसाठी त्याच्यावर सक्ती करू नये. आणि ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी आज बरॅकमध्ये आहे, त्यांनी भरतीच्या दिवशीच्या प्रत्येक कागदाची एक प्रत मागून घ्यावी आणि घरी ठेवावी.